घरातल्या जुन्या कॅसेट डिजिटल करायच्या आहेत? टेप टिकेलही, पण टेपरेकॉर्डरचं काय?

गेल्या दिवाळीआधी आजोळी साफसफाई चालली होती. माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत २३ कॅसेट होत्या. आरत्या, अभंग, नाट्यगीतं, हिंदी सिनेमाची गाणी. मामाने झाकण परत लावलं आणि डबा भंगाराच्या पोत्याशेजारी ठेवला. "हे सगळं यूट्यूबवर आहे गं," तो म्हणाला.

त्यातल्या एका कॅसेटवर हिंदी सिनेमाचं नाव छापलेलं होतं. पण तिच्या कडेच्या दोन्ही भोकांवर पिवळी पडलेली चिकटपट्टी लावलेली होती. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आईला मात्र लगेच कळलं. "बाबांनी हिच्यावर काहीतरी भरलंय," ती म्हणाली.

ती कॅसेट वाजवायला आम्हाला पुढे तीन आठवडे लागले. वाजली तेव्हा त्यातून आजोबांचा आवाज आला. १९७२ च्या दुष्काळात गावात विहीर कशी खणली, मिलोची भाकरी कशी लागायची, हे ते कुणाला तरी सांगत होते. सलग चाळीस मिनिटं. आजोबांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नव्हता.

'कॅसेट डिजिटल कशी करायची' याचे व्हिडिओ इंटरनेटवर भरपूर आहेत. केबल कुठे लावायची, बटण कोणतं दाबायचं, हे त्यात सांगितलेलं असतं. पण कोणती कॅसेट आधी घ्यायची, हे काम आत्ताच का करायचं आणि त्यात नेमकं काय चुकतं, हे फारसं कुणी सांगत नाही. ते इथे समजून घेऊ.

इतकी घाई कशाची?

जगभरातल्या ध्वनिसंग्रहालयांमध्ये गेली काही वर्षं एका वर्षाची चर्चा होती, २०२५. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हने २०१५ मध्ये 'डेडलाइन २०२५' या नावाने इशारा दिला होता. चुंबकीय टेपवरचा जो ठेवा तोवर डिजिटल होणार नाही, त्यातला बराचसा कायमचा हातचा जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी मिळून 'मॅग्नेटिक टेप अलर्ट प्रोजेक्ट' सुरू केला. त्याचाही सूर हाच होता.

हा इशारा वाचून टेप आपोआप पुसली जाईल, असा अनेकांचा समज होतो. तसं नाही. टेप कोणत्या तरी ठरलेल्या तारखेला मरत नाही. नीट ठेवलेल्या चाळीस वर्षं जुन्या कॅसेट आजही छान वाजतात.

टेपच्या आधी ती वाजवणारं यंत्र संपतं, ही खरी अडचण आहे. सोनीने जपानमध्ये कॅसेट वॉकमनचं उत्पादन २०१० मध्येच थांबवलं. चांगले डेक बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी ते कधीच बंद केले. जुन्या डेकमधले रबराचे पट्टे सैल होतात, कधी वितळून चिकट होतात. हेड झिजतात. सुटे भाग मिळत नाहीत आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या माणसांचं दुकान आता मोबाइलचं झालेलं असतं.

परदेशात काही पॉप कलाकार हौसेने पुन्हा कॅसेट काढू लागले आहेत, त्यामुळे नवे प्लेअरही बाजारात दिसतात. पण त्यातल्या बहुतेकांच्या आतली यंत्रणा स्वस्तातली असते. जुन्या मधल्या दर्जाच्या डेकशीही तिची बरोबरी होत नाही.

म्हणजे टेप ठीक असेल, पण ती नीट वाजवणारं यंत्र दरवर्षी दुर्मीळ आणि महाग होत जाईल.

मुळात कॅसेटमध्ये असतं काय?

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही छोटी कॅसेट पहिल्यांदा दाखवली. लू ऑटेन्स हे डच अभियंता त्या टीमचे प्रमुख होते. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

कॅसेटच्या आत पॉलिएस्टरची, जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंदीची पट्टी असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण एका चिकट द्रव्यात मिसळून लावलेले असतात. आवाज म्हणजे या कणांच्या चुंबकीय रचनेतले बदल. ही पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडसमोरून जाते आणि हेड ते बदल वाचतो.

एवढ्याशा पट्टीवर चार वाटा असतात. 'ए' बाजूच्या डाव्या-उजव्या दोन, 'बी' बाजूच्या दोन. म्हणजे एका वाटेच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरहून थोडीशीच जास्त जागा येते. त्यामुळे हेड किंचित तिरका असला, त्याच्यावर धूळ बसली किंवा टेप थोडी हलली, तरी आवाज लगेच बिघडतो.

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर टेप असते. नव्वद मिनिटांचीत जास्त टेप बसवायची म्हणून ती पातळ केलेली असते आणि १२० मिनिटांचीत आणखी पातळ. म्हणून १२० ची कॅसेट अडकण्याची, ताणली जाण्याची भीती सर्वांत जास्त.

आपल्याकडे कॅसेटचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलेल्या टेपच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. दुसरा शत्रू म्हणजे मधला स्पंजचा तुकडा. टेपला हेडवर दाबून धरणारी ती छोटी गादी पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेली असते. वर्षांनुवर्षांनी तिचा गोंद सुकतो आणि ती गळून पडते. मग आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि आपल्याला वाटतं, टेपच गेली.

एवढ्या कॅसेट आपल्या घरात आल्या कुठून?

सत्तरच्या दशकापर्यंत घरात गाणं म्हणजे रेडिओ, आणि परवडत असेल तर ग्रामोफोन. तबकडी महाग होती आणि कोणाचा आवाज तबकडीवर जाणार हे ठरवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या. आखातात नोकरीला गेलेले लोक येताना टू-इन-वन घेऊन येऊ लागले, आयातीचे नियम थोडे सैल झाले आणि ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं. पीटर मॅन्युएल या संगीत-अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हे पुस्तकच लिहिलं.

कॅसेटमुळे दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे ध्वनिमुद्रण आणि विक्री स्वस्त झाली. त्यामुळे छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. भीमगीतं, लोकगीतं, भारुडं, कीर्तनं, गावच्या देवाची गाणी, तमाशातले वग अशा गोष्टी कॅसेटवर आल्या. चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला, यात्रेत, एसटी स्टँडवर त्या विकल्या गेल्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कॅसेटवर सामान्य माणसाला स्वतः आवाज भरता येत होता. तबकडीवर ते शक्य नव्हतं. लग्नातली गाणी, बाळाचे पहिले बोल, वाड्यातल्या गणपतीतलं भजन, आखातात असलेल्या मुलाला पाठवलेलं बोलकं पत्र. सर्वसामान्य घरातल्या माणसांचे आवाज पहिल्यांदाच साठू लागले ते कॅसेटमुळे.

संस्थांनीही या काळात मोठं काम केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या अनेक ओव्या बायांच्या मूळ आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या आणि आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. १९८२ मध्ये सुरू झालेलं, सध्या गुरुग्राममध्ये असलेलं एआरसीई हे संगीत-संग्रहालय संशोधकांनी केलेली ध्वनिमुद्रणं जपतं.

पण संस्था त्यांच्याकडे आलेल्या गोष्टी जपतात. तुमच्या माळ्यावरच्या डब्यापर्यंत कुणी येणार नाही. त्यातल्या आवाजांचं काय करायचं, हे घरातल्याच कुणीतरी ठरवायचं आहे.

आधी कोणती कॅसेट घ्यायची?

कॅसेट डिजिटल करायला ती वाजते तेवढाच वेळ लागतो. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं. आमच्या २३ कॅसेट म्हणजे कमीत कमी २३ तास. नोकरी सांभाळून हे काम दोन रविवारांत होत नाही. त्यामुळे अनेक जण पहिल्या चार कॅसेटनंतर सोडून देतात आणि त्या चार बहुतेक वेळा सिनेमाच्या गाण्यांच्या असतात. म्हणून आधी तीन ढीग करा.

पहिला ढीग घरी भरलेल्या कॅसेटचा. यांची जगात दुसरी प्रत नाही. हाताने लिहिलेली, काहीच न लिहिलेली आणि चिकटपट्टी लावलेली प्रत्येक कॅसेट या ढिगात टाका.

ही चिकटपट्टी काय भानगड आहे? कॅसेटच्या ज्या कडेला टेप दिसते, तिच्या विरुद्ध कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर रेकॉर्डिंगचं बटण दबत नाही. कंपनीच्या गाण्यांच्या कॅसेटला ते आधीच नसतात. मग तिच्यावर आपलं काही भरायचं असेल तर लोक त्या भोकांवर चिकटपट्टी लावायचे. म्हणजे चिकटपट्टी दिसली, तर वरचं छापील नाव खरं असेलच असं नाही. आत दुसरंच काहीतरी असू शकतं.

दुसरा ढीग छोट्या, आता बंद पडलेल्या कंपन्यांच्या कॅसेटचा. जिल्ह्यातल्या एखाद्या शाहिराचा पोवाडा, स्थानिक कीर्तनकार, गावच्या जत्रेतली गाणी. 'सगळं यूट्यूबवर आहे' हे वाक्य इथे अनेकदा खोटं ठरतं. कॅसेटवरचं नाव इंटरनेटवर शोधून बघा. काहीच सापडलं नाही, तर ती कॅसेट पहिल्या ढिगाच्या बरोबरीने महत्त्वाची आहे.

तिसरा ढीग मोठ्या कंपन्यांच्या लोकप्रिय संगीताचा. हे कंपन्यांनी त्यांच्या मूळ टेपवरून केव्हाच डिजिटल केलं आहे. सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवां' आणला तो याच जोरावर, आणि त्याची मराठी आवृत्तीही आहे. तुमच्या कॅसेटवरून निघणारा आवाज त्याहून चांगला असणार नाही. आठवण म्हणून कॅसेट ठेवा, पण तिच्यावर तास घालवू नका.

आमच्या डब्यात पहिल्या ढिगात चार, दुसऱ्यात पाच आणि तिसऱ्यात १४ कॅसेट निघाल्या. २३ तासांचं काम नऊ-दहा तासांवर आलं.

यंत्र कोणतं वापरायचं?

इथे मी स्वतः चूक केली. थेट लॅपटॉपला जोडता येणारा, वॉकमनसारखा दिसणारा एक छोटा यूएसबी प्लेअर ऑनलाइन मागवला. दिसायला सोयीचा होता. पहिलीच कॅसेट त्याने खाल्ली. टेप रबराच्या चाकात गुंडाळली गेली. नशिबाने ती आरत्यांची होती. आधी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून बघायची एवढी एकच गोष्ट मी बरोबर केली होती.

अशा सगळ्याच यंत्रांत कॅसेट अडकते असं नाही. पण स्वस्त यंत्रणेत टेपचा वेग स्थिर राहत नाही. बोलण्यात ते चटकन जाणवत नाही. हार्मोनियम किंवा तानपुरा असेल तर सूर डुलताना स्पष्ट ऐकू येतो. ही डुलकी एकदा फाइलमध्ये गेली की काढणं फार अवघड.

त्यापेक्षा चालू स्थितीतला जुना डेक शोधा. नातेवाईक, शेजारी, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप इथे विचारलं तर अनेकदा मिळतो. आम्हाला तो शेजारच्या काकांकडे मिळाला. दहा-बारा वर्षं कापड टाकून ठेवलेला होता. डेक मिळाला नाही, तर चांगल्या कंपनीचा जुना टू-इन-वन किंवा वॉकमनही चालतो.

लावण्याआधी हेड साफ करा. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात कापसाची काडी बुडवून चकचकीत हेड आणि बारीक उभा धातूचा दांडा पुसा. काडीवर तपकिरी डाग येतो, ते जुन्या टेपांचे कण असतात. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. रबराचं चाक ओलसर कापडाने पुसलं तरी पुरतं.

वाजवण्याआधी कॅसेटची तपासणी

कॅसेट उजेडात धरा आणि छोट्या खिडकीतून गुंडाळलेल्या टेपची कड बघा. पांढरट, भुरभुरीत काही दिसलं तर ती बुरशी असू शकते. ती कॅसेट वाजवू नका. बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. शिवाय ती श्वासावाटे आत जाणं चांगलं नाही. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि हे काम जाणकाराकडे द्या.

स्पंजची गादी जागेवर आहे का, हे बघा. नसेल तर टेप फेकू नका. एखादी निरुपयोगी कॅसेट घ्या, पण ती स्क्रूवाली हवी. तिचे पाच स्क्रू काढा आणि आपल्या कॅसेटची टेप तिच्या खोक्यात बसवा. सपाट टेबलावर, पंखा बंद करून, आधी मोबाइलवर फोटो काढून हे काम केलं तर अर्ध्या तासात होतं. स्क्रू नसलेल्या, चिकटवलेल्या कॅसेटचं खोकं मात्र जपून फोडावं लागतं.

टेप सैल असेल तर षट्कोनी पेन्सिल भोकात घालून हाताने फिरवा. मग डेकमध्ये एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे नेऊन घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप मोकळी होते आणि तिचा ताण सारखा होतो.

आणि भोकांवरची ती चिकटपट्टी वाजवण्याआधी काढून टाका. चुकून लाल बटण दबलं तर चाळीस वर्षांचा आवाज पुसला जाईल.

आवाज दबका येतोय?

ही पायरी बहुतेक व्हिडिओंत नसते, पण सर्वांत जास्त फरक तिनेच पडतो. तुमची कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली होती, त्याच्या हेडचा कोन आणि आत्ताच्या डेकच्या हेडचा कोन थोडा वेगळा असतो. कोन जुळला नाही की आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग हरवतो आणि तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखं वाटतं.

हेडच्या शेजारी एक छोटा स्प्रिंगचा स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहून कमी, इकडेतिकडे फिरवा आणि बोलण्यातल्या 'स' आणि 'श' कडे कान द्या. ते जिथे सर्वांत स्वच्छ येतात, तिथे थांबा. सुरुवातीला स्क्रू कुठे होता त्याची खूण करून ठेवा.

आजोबांची कॅसेट आधी ऐकली तेव्हा अर्धे शब्द कळत नव्हते. एवढं केल्यावर ते ज्या माणसाशी बोलत होते, त्याचे मधले हुंकारही ऐकू आले.

लॅपटॉपला कसं जोडायचं?

डेकच्या मागे 'लाइन आउट' लिहिलेली लाल-पांढरी जोडी असते. तिथून केबल काढा. ती थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालून उपयोग नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपमधलं ते एकच भोक हेडफोन आणि माइक दोन्हीसाठी असतं. त्यातून आत जाणारा आवाज एकाच वाहिनीचा असतो आणि माइकसाठी वाढवलेला असल्याने फाटतो.

त्यासाठी लाइन इनपुट असलेला छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. या कामाला साधा, दोन वाहिन्यांचा पुरतो. डेकला लाइन आउट नसेल किंवा वॉकमन असेल, तर हेडफोनच्या भोकातून घ्या. आवाजाची पट्टी मध्यावर ठेवा आणि बास-ट्रेबल शून्यावर.

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. मग इतकं करा:

– रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं ठेवा.

– सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. काटा शून्याला लागला तर तिथला आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. थोडा हळू भरलेला आवाज नंतर वाढवता येतो.

– नोटिफिकेशन आणि स्लीप मोड बंद करा.

– डेकवरचं डॉल्बी बटण बंद ठेवा. कॅसेट डॉल्बीवर भरलेली आहे हे माहीत असेल तरच ते लावा.

– पूर्ण बाजू एका दमात घ्या. मधली शांतता कापू नका. घरी भरलेल्या कॅसेटमध्ये लोक अनेकदा दहा मिनिटं मोकळी सोडून पुढे काहीतरी भरतात.

पहिली प्रत डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या प्रकारात साठवा. डब्ल्यूएव्ही एका तासाला सुमारे १ जीबी घेते. फ्लॅक त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यात काहीही गळत नाही. एमपी३ मध्ये तोच तास ८०-९० एमबीत बसतो, कारण त्यातली बरीच माहिती कायमची टाकून दिलेली असते. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ ठीक आहे. जपायची प्रत म्हणून नाही.

खरखर काढावी का? एआयने आवाज साफ केला तर?

मूळ फाइलला हात लावू नका. जे काही करायचं ते तिच्या प्रतीवर करा.

ऑडॅसिटीतली साधी खरखर काढण्याची सोय हलक्या हाताने वापरली तर चालते. जास्त वापरली की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. पण सध्या जी एआय साधनं 'स्टुडिओसारखा आवाज' करून देतात, त्यांच्याबद्दल थोडं सावध राहा. यातली काही साधनं आवाजातला गोंधळ काढून थांबत नाहीत. जिथे आवाज नीट नाही तिथे तो कसा असेल याचा अंदाज बांधून नवा भरतात. ऐकायला गुळगुळीत लागतं. पण बोलीतले उच्चार, अनुनासिकं, मधला दम, तोंडातल्या तोंडात म्हटलेला शब्द बदललेला असू शकतो. आजीचा आवाज ऐकायचा आहे, तर तो खरखरीसकट आजीचाच असलेला बरा. आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी, कोंबडा, दारातली सायकल हेही त्या घराचं ध्वनिमुद्रण आहे.

फाइल ठेवायच्या कुठे?

घरातल्या ग्रुपवर फाइल टाकली म्हणजे ती जपली, असं होत नाही. फोन बदलला, चॅट गेलं की ती गेली. संग्रहालयांत पाळला जाणारा साधा नियम घरीही चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. उदाहरणार्थ एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या भावाकडे. वर्षातून एकदा त्या उघडून बघा.

काम झाल्यावर कॅसेटही टाकू नका. कोरड्या जागी, उभी, स्पीकरसारख्या चुंबकापासून लांब ठेवा. उद्या याहून चांगलं यंत्र मिळालं तर पुन्हा करता येईल.

हे बाहेरून करून घेतलं तर?

वेळ नसेल तर तो मार्ग आहेच. मोठ्या शहरांत असे व्यावसायिक आहेत. देण्याआधी चार प्रश्न विचारा. मूळ डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक मिळेल की फक्त एमपी३? प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन जुळवता का? दोन्ही बाजू शेवटपर्यंत घेता का? आणि मूळ कॅसेट परत मिळेल ना? पहिल्या प्रश्नाला 'एमपी३ पुरे' असं उत्तर आलं, तर दुसरा कुणीतरी शोधा.

कायद्याचं काय?

स्वतःच्या वापरासाठी प्रत करायला भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ आडवा येत नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधनासाठी उचित वापराची मुभा आहे. प्रत इंटरनेटवर चढवणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे ऐंशीच्या दशकातली कॅसेट, कंपनी बंद पडली असली तरी, कायद्याने मोकळी झालेली नसते. असं दुर्मीळ काही सापडलं तर कलाकाराच्या कुटुंबाशी किंवा एखाद्या संग्रहालयाशी बोलणं जास्त बरं.

घरगुती ध्वनिमुद्रणातही ज्यांचे आवाज आहेत त्यांना विचारा. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाबद्दल ओसरीवर बसून बोललेलं आज सगळ्या भावकीत फिरायला हवंच, असं नाही.

फाइल झाली. आता नाव कोण सांगणार?

आजोबांच्या कॅसेटमध्ये तीन माणसांचे आवाज आहेत. एक आजोबांचा, तो सगळ्यांनी ओळखला. एक स्वयंपाकघरातून चहाचं विचारणारा आजीचा. तिसरा, आजोबा ज्यांना विहिरीची गोष्ट सांगत होते त्यांचा. तो आई, मामा, मावशी कुणालाच ओळखता आला नाही. फाइल उत्तम झाली होती आणि त्यातला एक माणूस अनोळखी राहिला होता.

शेवटी आजीच्या धाकट्या बहिणीला फोन स्पीकरवर ठेवून ऐकवलं. त्यांचं वय ८४. दोन वाक्यं झाली आणि त्या म्हणाल्या, "अगं, हे तर शाळेचे गुरुजी. विहिरीच्या कामाचा हिशोब तेच ठेवायचे." मग त्यांनी कोणत्या वर्षी भरलं असेल तेही सांगितलं, कारण टेपरेकॉर्डर घरात कधी आला ते त्यांना आठवत होतं. ती सगळी माहिती आता फाइलसोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली आहे: कोण बोलतंय, कुठे, साधारण कधी, कुणी ओळखलं. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा आणि वेष्टणाचा फोटोही सोबत ठेवला आहे.

संग्रहालयं यंत्राच्या मुदतीबद्दल बोलतात. घरात त्याहून जवळची मुदत आवाज ओळखणाऱ्या माणसांची असते. डेक अजून काही वर्षं कुठून तरी मिळेल. म्हणून सगळ्या कॅसेट डिजिटल होईपर्यंत थांबू नका. पहिल्या ढिगातली एक कॅसेट आधी करा आणि ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ऐकवा. ते जे सांगतील ते त्याच वेळी मोबाइलवर भरून घ्या.

आमच्या पहिल्या ढिगातल्या अजून दोन कॅसेट बाकी आहेत. एकीवर काहीच लिहिलेलं नाही.